मंगळवारची पाहुणी

दुबईत अल बर्शातल्या एका हॉटेलच्या टी लाउंजमध्ये मी नोकरी करते. आमच्याकडे दुपारी इंग्रजी पद्धतीचा आफ्टरनून टी असतो. किटलीत मुरवलेला चहा आणि सोबत तीन मजली स्टँड: खाली काकडीची, अंड्याची चिमुकली सँडविचेस, मधे स्कोन म्हणजे गोडसर छोटे पाव, वर केक. खायचं खालून वर. हे सगळं मी इथे येऊनच शिकले. आमच्या वसईच्या घरी चहा म्हणजे पातेल्यात उकळलेला, आणि सोबत पाव.

पप्पा गेले त्या वर्षी मी आईला व्हिजिट व्हिसावर अल कुसैसला माझ्या घरी आणलं. जागा बदलली की तिला बरं वाटेल, असा माझा हिशेब होता. पण ती दिवसभर खिडकीशी बसून पार्किंगमधल्या गाड्या बघायची. शाळेतून आलेली माझी मुलगी विचारायची, "ग्रॅनी, आर यू ओके?" आई मान हलवायची. ताटात वाढलेलं बरंचसं तसंच राहायचं. चर्चमधल्या बायका भेटून गेल्या. सगळ्यांनी सांगितलं, मन रमवा. आई सगळ्यांना हो म्हणाली.

लाउंजमध्ये दर मंगळवारी एक वयस्क इंग्रज बाई यायच्या. आधी नवऱ्याबरोबर येत. ते वारल्यावर एकट्या येऊ लागल्या, पण टेबल तेच, दोघांचं. एकदा मी चहा ओतत असताना त्यांनी विचारलं, "हल्ली गप्प गप्प का असता?" मी सांगून टाकलं. त्यांनी कप खाली ठेवला. "पुढच्या मंगळवारी आईंना घेऊन या. माझ्या पाहुण्या म्हणून."

मॅनेजरला मी भीतभीतच विचारलं. "गेस्टची गेस्ट ती आपली गेस्ट. खलास," तो म्हणाला.

आई मात्र तयार होईना. शेवटी मी म्हटलं, "त्याही एकट्याच असतात गं." तेव्हा तिने बॅगेतून चांगली साडी काढली.

मी युनिफॉर्ममध्ये होते. आईला खुर्ची ओढून दिली, तिच्या मांडीवर नॅपकिन पसरला. किटली उचलली तशी ती उठायलाच लागली. "तू उभी आणि मी बसू? कसं दिसतं ते?"

काय झालं ते बाईंना सांगितल्यावर त्या हसल्या. माझ्या हातातून किटली घेतली आणि स्वतःच आईच्या कपात चहा ओतला. "माझ्या घरी आल्या असत्या तर मीच ओतला असता ना," त्या म्हणाल्या.

आईने घोट घेतला आणि मला हळूच म्हणाली, "उकळला नाही वाटतं." मी तिथून सरकणार, एवढ्यात आई म्हणाली, "विचार ना त्यांना, त्यांचे मिस्टर चहात साखर किती घ्यायचे?"

मी कचरले. गेस्टना असलं काही विचारायचं नसतं. तरी विचारलं.

बाई आईकडे वळल्या. "तीन चमचे," त्या म्हणाल्या. "डॉक्टरांना मात्र एकच सांगायचा."

मी मराठीत सांगितलं आणि आई हसली. पप्पा गेल्यापासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. "आमचे शुगर असून गुळाचा मागायचे," ती म्हणाली. "म्हणे, गूळ चालतो."

मी दुसरी टेबलं बघून परत आले तर दोघी माझ्यावाचून बोलत होत्या, एक मराठीत, एक इंग्रजीत. सँडविचेस संपली होती. आई स्कोन चहात बुडवून खात होती.

निघताना बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "लोक मला कशात तरी गुंतून राहा म्हणतात. माझ्या नवऱ्याबद्दल कोणी विचारतच नाही."

व्हिसा संपेपर्यंत आई दर मंगळवारी आली. घरीही नीट जेवू लागली. त्याच उन्हाळ्यात बाई कायमच्या इंग्लंडला गेल्या. शेवटच्या दिवशी मी त्यांना थँक्यू म्हटलं. हा शब्द मी कामावर दिवसभर म्हणत असते, त्यामुळे तो अगदीच तोकडा वाटला. त्यांनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

आता संध्याकाळी वसईला फोन केला की आई फार बोलत नाही. गल्लीतल्या दोघी बायका, दोघींचेही नवरे गेलेले, तिच्याकडे चहाला येतात. मागून त्यांचा आवाज येत असतो. "ठेवते गं," आई म्हणते, "चहा उतू जाईल."