तपासणीच्या पाण्यात फिरवलेली तुरटी

प्रयोगशाळेत द्यायच्या पाण्यात मी तुरटी फिरवली होती. एकदा चुकून नव्हे. पावसाळ्याचे चारही महिने, अगदी मन लावून. नातवंडांना हे सांगते तेव्हा ती पोट धरून हसतात, मीही हसते. तेव्हा मात्र हसू सुचत नव्हतं.

आमची संस्था लहान. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या गोदामावर दोन खोल्या. तळी-विहिरींच्या पाण्याचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांना मदत करायची, शाळांतून मुलांना पाणी ओळखायला शिकवायचं आणि वर्षभरात काय साधलं त्याचा अहवाल दिवाळीआधी काढायचा. मोडनिंबकडच्या एका गावात शाळेच्या आवारात विहीर होती. दर महिन्याला तिचं पाणी बाटलीत भरून आणायचं, हे माझं काम. गळ्यात ओळखपत्र, खांद्याला पिशवी, आणि रुबाब असा की उजनी धरणाच्या दरवाजांची किल्ली जणू माझ्याच कनवटीला.

जूनमध्ये विहिरीचं पाणी चहासारखं झालं. असलं पाणी शिकल्यासवरल्या माणसांपुढे कसं ठेवायचं? आल्यागेल्याला तरी आपण गढूळ पाणी देतो का? मी ते घरी आणून कळशीत ओतलं, तुरटी फिरवली, गाळ खाली बसू दिला आणि वरचं नितळ पाणी बाटलीत भरलं. वर सुरेख अक्षरात लेबल. मुलांना पाणी शिकवायला निघालेली बाई ती हीच.

ऑक्टोबरात मॅडमनी अहवालाची कच्ची पानं माझ्यापुढे ठेवली. मॅडम म्हणजे संस्थेच्या प्रमुख, वयानं माझ्यापेक्षा बऱ्याच लहान.

"काकू, तुमचं गाव यंदा पहिलं. भर पावसाळ्यात गढूळपणा नाही, जंतू जवळजवळ नाहीत. जादू केलीत की काय?"

मला त्या क्षणी कळलं, जादू नव्हे, माझी तुरटी.

"शाळेच्या गुरुजींनाही कळवलं मी," त्या पुढे म्हणाल्या. "आठवडा झाला, पोरांनी घरून बाटल्या आणायचं बंद केलंय. विहिरीचंच पितात."

मी पान वाचायचं सोंग केलं. शेजारच्या यंत्रमागांची खडखड छातीत घुसली होती. सांगितलं तर काम जाईल, अहवाल बुडेल, लोक हसतील. आणि नाही सांगितलं तर? सकाळपासून किती पोरांनी ओंजळ लावली असेल? खरं सांगायचं तर आधी मला माझ्या अब्रूचीच काळजी वाटली, पोरांची नंतर.

तेवढ्यात गुरुजींचा फोन आला. मॅडम बोलत होत्या, मी त्यांचं तोंड बघत होते. चौथीतली एक मुलगी दोन दिवस शाळेत नाही, उलट्या-जुलाब चाललेत.

"हवा बदललीय ना," फोन ठेवत मॅडम म्हणाल्या.

"हवा नव्हे," मी म्हणाले, आणि सगळं सांगून टाकलं.

त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी गुरुजींना फोन करून विहिरीची मोटर बंद करायला लावली आणि गाडीची किल्ली उचलली. मोडनिंब येईपर्यंत रस्त्यात शाळेचा गणवेश दिसला की मी डोळे मिटून घेत होते.

मुलीचं घर गावाबाहेर, शेरडांच्या वाड्याला लागून. ती गोधडीवर पडली होती, ओठ सुकलेले. आई वाटीनं साखर-मिठाचं पाणी पाजत होती. मी उंबऱ्यातच उभी राहिले.

"आत या की," आई म्हणाली. "तुमी लोकांनीच न्हवं का पाणी चांगलं हाय म्हनून सांगितलं?"

"मीच," मी म्हणाले. "ते खोटं होतं." आणि तुरटीचं सांगितलं. तिनं वाटी खाली ठेवली नाही, वर पाहिलंही नाही.

मुलीला आम्ही गाडीत घालून दवाखान्यात नेलं. सलाइन लागलं. ते थेंब मी दोन दिवस मोजत बसले. आजार पाण्यानंच की आणखी कशानं, हे डॉक्टरांनी नक्की सांगितलं नाही, आणि खोदून विचारायचं धाडस मला झालं नाही. मॅडमनी स्वतः भरून नेलेल्या बाटलीत मात्र जंतूच जंतू निघाले. अहवालातून त्यांनी ते गाव काढलं आणि त्या जागी का काढलं ते छापलं. माझं नाव घातलं नाही, पण चूक जशीच्या तशी लिहिली.

आठ दिवसांनी मी भीत भीत पुन्हा त्या घरी गेले. मुलगी अंगणात करडामागं पळत होती. मला रडू आवरेना. तिची आई धारेचं भांडं बाजूला ठेवून माझ्यापुढं येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "पोरगी बरी हाय, रडू नका. पर पुढल्या म्हयन्यापास्नं बाटली मी भरनार. तुमी लांब हुबं ऱ्हाऊन बगायचं."