झाकणाआडच्या पाच दीर्घिका

आधीच सांगते, असल्या गोष्टींना मी आजवर फक्त हसत आले. अंबडला बँकेत नोकरी करते, डोकं ठिकाणावर आहे... तरी हे लिहितेय.

माझे मामा धावड्याला राहतात. चित्रकलेचे निवृत्त मास्तर. टेलिस्कोपमधून जे दिसेल तेच पेन्सिलीने काढायचं, हा त्यांचा नाद. त्यातही एकमेकींना खेटून असलेल्या दीर्घिकांचे गट फार लाडके. चित्र होईपर्यंत त्या गटाचा फोटो बघायचा नाही, हा कडक नियम. एवढा धीर मी दुसऱ्या कुणात पाहिला नाही! पण शुगरने डोळ्यांची वाट लावली. उरलेली नजरही जाणार, असं डॉक्टर म्हणाले. महाश्व तारकासमूहातला पाच दीर्घिकांचा गट तेवढा काढायचा राहिला होता.

भाऊबीजेला आई आणि मी त्यांच्याकडे गेलो. चंद्रकोर मावळल्यावर मी तो गट शोधून दिला. मामा बराच वेळ बघत बसले.

“काहीच दिसून न्हाई राह्यलं गं, शीतल.”

तेवढ्यात आईने जेवायला हाक मारली. शेजारी मक्याची मळणी चालू होती, म्हणून धूळ बसू नये यासाठी मी टेलिस्कोपच्या नळीच्या तोंडाला झाकण लावलं. गट निसटू नये म्हणून टेलिस्कोप फिरवणारी मोटर चालूच ठेवली.

जेवून मामा थेट खुर्चीवर बसले. मी कागदावर लाल उजेडाची बॅटरी धरली. मामा बघत होते, कागदावर पेन्सिल चालवून बोटाने छटा घासत होते, गालातल्या गालात हसत होते.

“पाची हायेत! दोन तर गळ्यात गळा घालून बसल्यात.”

आवरताना मी झाकण लावायला गेले... तर ते लावलेलंच होतं. मी काढायलाच विसरले होते.

घाबरतच मामांना सांगितलं. त्यांनी झाकण काढायला लावून पुन्हा पाहिलं.

“आता न्हाई दिसत. मंग झाकणच बरं व्हतं की!”

झाकण लावून मीही डोळा लावला. नुसता अंधार. मग मोबाईलवर त्या गटाचा फोटो शोधला, टेलिस्कोपात दिसतं तसा उलटा धरला. मामांचं चित्र बिलकुल तसंच. त्या चिकटलेल्या दोघीसुद्धा. कसं, ते मला अजून कळलेलं नाही.

चित्राखाली निरीक्षणाची माहिती लिहायची पद्धत असते. मी म्हटलं, “मामा, झाकणाचं लिहू नका. लोक खोटं म्हणतील.”

“म्हणू दे. जे झालं ते लिवायचं.”

आणि त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरून लिहिलं — आकाश स्वच्छ. वारा कमी. झाकण लावलेलं.