पाळण्याचं माप

आमच्या बनशंकरी भागातल्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहते ना, ती पोरगी बोलण्याआधी हसते आणि पर्समध्ये कायम मापाची टेप ठेवते. आमच्या घरातला जुना पाळणा तिने एकदा मोजून घेतला. तेव्हापासून दर रविवारी नवराबायको फ्लॅट बघायला जातात, आणि ही आधी पाळण्याची जागा मोजते.

“मावतो हो अक्का,” परत आली की सांगते, “पण भाव पुन्हा वाढलाय. आधी घर, मगच बाळ.”

मी म्हटलं, “अगं, आमची चार पोरं एका खोलीत वाढली!”

“त्या खोलीतून अकरा महिन्यांनी कुणी निघा म्हणत होतं का?”

तिच्याशी अकरा महिन्यांचा करार करणारी घरमालकीण मीच.

परवा पुतण्या त्याच्या सुनेसाठी पाळणा मागायला आला. मी घुटमळले, तर हिनेच तो पुसला, कड्यांना तेल घातलं, ऑटोत चढवला. “द्या हो अक्का, रिकामा कशाला ठेवायचा?” आणि ऑटो निघताना ओरडली, “झालं की इथेच परत आणा हं!”

आता ती पाळण्याची वाट बघतेय की तिने बाळाचा नाद सोडला, मला काही कळेना. आज रविवार, आणि टेप घेऊन ती बाहेर पडलीय.