मागची मोकळी जागा

रोज सुरतेतल्या पांडेसऱ्याच्या मिलमध्ये जायला मला पिकअपच हवी होती, तीही शोरूममधली सगळ्यांत मोठी. जाणारा मी एकटा आणि सोबत जेवणाचा डबा. बायको म्हणाली, "डब्यालाही सीट बेल्ट लावा."

शोरूममध्ये एक गृहस्थ आपली तशीच पिकअप विकायला आले होते. शर्टाच्या खिशातला फोन वाजला की ते खिसा दाबून धरायचे, खोकला दाबावा तसा.

"का विकताय?" मी विचारलं.

"भाऊ, मागची मोकळी जागा दिसली की सगळ्या खानदेशाला नाती आठवतात. कोणाचं कपाट, कोणाच्या लग्नाची भांडी. कितीतरी रविवार मी घरी जेवलोच नाही. माझं ऐका, स्कूटर घ्या."

माणूस कळवळून सांगत होता. मी मात्र त्यांच्यासमोरच मोठ्या रुबाबात पिकअप बुक केली. त्यांनी खिन्नपणे मान हलवली, मग हळूच जवळ सरकले.

"गाडी कधी मिळणार?"

"शनिवारी."

"बरं झालं. रविवारी मला घर बदलायचंय, आणि माझी तर आज गेली."

त्यांचं नाव मला अजूनही माहीत नाही. कपाट मात्र सागवानी आहे, आणि नवं घर तिसऱ्या मजल्यावर.