पंचनाम्याला कोण येतं?

निंबा नाना भांडखोर आहेत, असं एरंडोलजवळच्या आमच्या गावात कोणीही सांगेल. मला चीड येते ती गावाची.

मागे गिरधरभाऊची कापणीला आलेली केळीची बाग कोणीतरी कोयत्यानं आडवी केली. तेव्हा सगळे केळीवाले पद्मालयाला गेले, नारळ फोडला आणि गणपतीसमोर शब्द दिला, की एकाच्या बागेवर कोयता पडला तर तो सगळ्यांवर पडला. गिरधरच्या पंचनाम्याला पंच म्हणून सही केली नानांनी, कोर्टात साक्षही त्यांनीच दिली. त्या रागानं आरोपीच्या भाऊबंदांनी नानांची शेताची वाट अडवली. गिरधरनं नानांना चहा पाजला.

परवा नानांचीच बाग कापली गेली. संशय सरपंचाच्या मेव्हण्यावर.

काल सकाळी माणसं पारावर बसली होती. जळगावच्या कॉलेजची ऋतिका नावाची मुलगी लोकांची मतं विचारत आली. "मित्रदेशावर हल्ला झाला, तर आपलं सैन्य पाठवावं का?"

सगळ्यांचे हात वर. गिरधरचा आवाज सगळ्यांत मोठा. "दोस्तवर हल्ला म्हंजे आपलावर हल्ला. शब्द म्हंजे शब्द शे."

नानांचा नातू तेजस फौजेत आहे, हे पारावरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. दुसऱ्याच्या पोराच्या जिवावर शूर व्हायला काय लागतं! पारावर बसलेल्या नानांचा हात तेवढा खाली होता.

तेवढ्यात हवालदार आला. "निंबा नानांच्या शेतात पंचनामा करायचा आहे. दोन पंच चला."

हात खाली गेले. एकाला विहिरीवरची मोटार चालू करायची आठवली, एकाला जामनेरचं लग्न. मी नानांचा सख्खा पुतण्या, घरचा माणूस पंच म्हणून चालत नाही. मी गिरधरकडे पाहिलं. तो चप्पल शोधत होता.

"नाना, सरपंचशी कशाले वाकडं घेवो?" तो म्हणाला. "मिटाडी टाका."

पंच मिळेनात, तसा हवालदार गाडीला किक मारून निघून गेला.

ऋतिकाला यातलं काही कळलं नसावं. तिनं नानांना विचारलं, "आजोबा, तुमचं मत राहिलं. हो की नाही?"

"'नही' लिख, बेटा," नाना म्हणाले. "तठे मराले मना नातू तेजस जाई. आठे सही कराले बी कोनी तयार नही."