टिकली माझा हात बघून बसायची

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. संदीपला, म्हणजे माझ्या नवऱ्याला नाही. तळेगावला माझ्या आईला नाही — जिला मी भाजी करपली तरी फोन करून सांगते. आणि आबांना तर नाहीच. आबा म्हणजे माझे सासरे. खरं तर सांगायचं होतं ते त्यांनाच.

गोष्ट एका कुत्रीची आहे. कुत्रीच्या गोष्टीसाठी एवढे आढेवेढे कशाला, असं तुम्हाला वाटेल. मलाही कितीदा तसंच वाटलं. आणि दर वेळी सांगायचं राहून गेलं.

पण आधी आबा. त्यांच्याबद्दल सांगितल्याशिवाय मी काय केलं ते नीट कळणार नाही.

मी तळेगाव ढमढेऱ्याची. आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असताना लग्न होऊन राहू गावी आले. सासूबाई आधीच गेल्या होत्या, घरात बाईमाणूस नव्हतं — तेव्हा शिक्षण इथंच संपलं, असं मी मनाशी धरून चालले होते. लग्नाची हळद अजून अंगाला होती तेव्हा आबा मला म्हणाले, "परीक्षेचं काय मग? निम्मं रान नांगरून कोण उठून जातं का?"

पेपरांच्या दिवसांत ते स्वतः मला मोटारसायकलवर न्यायचे. मी आत लिहीत असायचे आणि ते बाहेर डबा घेऊन बसायचे. पेपर सुटला की फाटकात ही गर्दी. त्या गर्दीत मला सापडावं म्हणून आबा उजवा हात उंच करून उभे राहायचे. पांढऱ्या बाहीतला तो हात दिसला की पेपर कसाही गेलेला असो, मला बरं वाटायचं.

त्या हातामुळेच आज हे लिहायला बसले आहे.

पदवी मिळाली. आबांनी पुढची खोली रंगवून दिली, फळा आणून दिला आणि मी शिकवणी सुरू केली. गावात मला मॅडम म्हणायला लागले. आमच्या घरात, माहेरी किंवा सासरी, तोवर कुणाला कुणी मॅडम म्हटलेलं नव्हतं. ते मला फार आवडायचं — हेही कबूल करायला हवं.

टिकलीला संदीपने आणलं. तो कुरकुंभला केमिकल कंपनीत आहे. गेटबाहेर हायवेच्या कडेला हे पिलू सापडलं, तर कंपनीच्या बसमधून डब्याच्या पिशवीत घालून घेऊन आला. तपकिरी अंग, कपाळावर पांढरा ठिपका. आबांनीच नाव ठेवलं.

पिलू होती तोवर सगळ्यांची लाडकी. पण आठ-नऊ महिन्यांची झाली आणि तिच्या अंगात काय शिरलं कुणास ठाऊक. मुलांच्या चपला पळवायची. वाळत घातलेल्या कुरडयांवरून धावायची. दारात कुणीही येवो, दोन्ही पाय त्याच्या छातीवर. मी वैतागले की आबा हसायचे. "वयच हाय तिचं. संदीप काय कमी होता व्हय ह्या वयात? पाव्हण्यांच्या फटफटीतली हवा सोडायचा." संध्याकाळी मात्र हीच टिकली आबांच्या पायावर हनुवटी टेकवून गपगार पडलेली असायची.

तिला वळण लावायचं मीच मनावर घेतलं. शिकवणं हे माझंच काम ना? मोबाइलवर व्हिडिओ बघितले. भाकरीचा तुकडा बोटांत धरायचा, हात तिच्या डोक्यावरून वर न्यायचा. ती वर बघते, आपोआप बूड टेकते, की लगेच तुकडा द्यायचा. सोपं होतं. कधी बसायची, कधी तुकड्यासाठी उडीच मारायची. धीर धरा, असं त्या व्हिडिओतला माणूस परत परत सांगत होता.

मी धीर धरला नाही.

एके दिवशी एक नवीन मुलगी आईबरोबर शिकवणीला आली. पांढराशुभ्र गणवेश. टिकली पाटाच्या पाण्यातून आली आणि सरळ तिच्या अंगावर. चिखलाचे दोन पंजे छातीवर उमटले. मुलगी रडायला लागली. तिची आई मला म्हणाली, "मॅडम, आधी कुत्र्याला शिकवा, मग आमच्या पोरीला," आणि तिला घेऊन गेली. आत बसलेली मुलं फिसकन हसली.

त्या दुपारी — आता सांगूनच टाकते — मी टिकलीला गोठ्यामागे नेलं. खुंट्याला साखळी बांधली. शिकवणीतली लाकडी फूटपट्टी बरोबर घेतली होती. हात वर करायचा, 'बस' म्हणायचं, आणि बसली नाही की पट्टी. बसली तरी एकदा पट्टी, लक्षात राहावं म्हणून. पहिल्या फटक्याला ती एवढ्या मोठ्यानं ओरडली की मी दचकले. आणि मग मी काय केलं? गोठ्यात जाऊन कडबाकुट्टी चालू केली. त्या यंत्राच्या आवाजात बाकीचं काही ऐकू येत नाही.

रागाच्या भरात झालं, असं मला म्हणता आलं असतं. पण रागातल्या माणसाला यंत्र चालू करायचं सुचत नाही. मला सुचलं. आणि ते एकाच दुपारी झालं असंही नाही.

लवकरच पट्टीची गरज राहिली नाही. मी नुसता हात वर केला की टिकली असेल तिथं बसायची. अशी बसायची, की जमिनीला चिकटायची.

आणि मग कौतुक सुरू झालं. डेअरीला दूध घालायला जाणाऱ्या बायका मुद्दाम थांबायच्या. "मॅडम, दाखवा की एकदा!" मी हात वर करायचे, टिकली बसायची, बायका टाळ्या वाजवायच्या. ती गणवेशवाली मुलगीही परत आली. शिकवणीतल्या मुलांना मी कधी हात लावला नाही. पण आता मी हात वर केला की तीही चिडीचूप व्हायची. तेव्हा मला त्याचा अभिमान वाटला होता. आणि आबा? ते पारावर सांगायचे, "सून पदवीधर हाय आमची. कुत्रंसुद्धा शाळंत बसवलंय तिनं."

त्या बसण्यात शिस्त नव्हती, भीती होती — हे एकट्या मला माहीत होतं. खरं तर दोघींना.

पुढच्या पावसाळ्यानंतर आबांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू. दौंडला दवाखान्यात नेलं, जीव वाचला. चार पावलं काठीनं चालायला लागले. हात मात्र लोंबकळत राहिला. डॉक्टरांनी बजावलं होतं, हाताचा व्यायाम आत्ता केला तर हात येईल. आत्ता हयगय केली तर तसाच राहील. संदीपने पडवीच्या वाशाला कप्पी टांगली आणि तिच्यावरून दोरी सोडली. एका टोकाला आबांचा उजवा हात बांधायचा आणि दुसरं टोक डाव्या हातानं ओढायचं. म्हणजे दुखरा हात हळूहळू वर जातो.

पहिल्याच दिवशी तो हात वर गेला आणि आबांच्या पायाशी झोपलेली टिकली जमिनीला चिकटली. हात खाली येईना — तो हळूहळूच येणार होता. मग ती पोटावर सरपटत गेली आणि अंगणात उभ्या असलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली शिरली. तिथंच तिला लघवी झाली.

मी दारात उभी होते. आबांनी माझ्याकडे बघितलं. "काय गं झालं हिला?"

त्या वेळी सांगायचं होतं. मी काय म्हटलं? "ऊन लागलं असेल, आबा."

रोज तेच व्हायला लागलं. हात वर, की टिकली ट्रॉलीखाली. काठी हातात घेतली, तरी ट्रॉलीखाली. मग ती आबांच्या जवळच येईना.

शेजारचे आप्पा आबांना बघायला यायचे. सगळा जन्म मेंढरांमागे काढलेला माणूस. त्यांनीही हे बघितलं, तंबाखू मळता मळता थांबले. म्हणाले, "जनावराला आधी कळतंय, आबा. आपल्याला मागनं." त्यात त्यांचा वाईट हेतू नव्हता; त्यांना खरंच तसं वाटत होतं. आबा नुसते हुं म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोरीला हात लावला नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. संदीपला समोर बसवून बांधाचं आणि विहिरीच्या पाण्याच्या पाळीचं सांगून ठेवलं. मी म्हटलं, "आबा, व्यायाम?" तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे पोरी. कशाला त्या मुक्या जिवाला तरास? तिला दिसतंय ते आपल्याला दिसत न्हाई, एवढंच."

आपलं मरण जवळ आलंय आणि ते कुत्रीला कळलंय, अशी या माणसाची खात्री झाली होती. कशामुळे? माझ्या फूटपट्टीमुळे. एक वाक्य बोलायचं होतं. आबा, ती तुम्हाला नाही भीत, माझ्या हाताला भिते — मी तिला मारलंय. एवढंच. ज्या माणसाने माझ्यासाठी गर्दीत हात वर केला, त्याचा हात खाली पडलेला मी बघत होते — आणि माझं मॅडमपण सांभाळत होते. पदवी घेऊन हेच शिकले का मी?

तोंडाने बोलायचं धाडस झालं नाही. मग मी दुसऱ्या टोकाकडून सुरुवात केली. टिकलीला शिकवलेलं पुसायचं ठरवलं.

दुपारी आबांचा डोळा लागला की मी गोठ्यामागे जायचे. त्याच जागी. या वेळी साखळी नव्हती. मी मातीतच बसायचे, तिच्याकडे पाठ करून. बाजूला तूप लावलेल्या भाकरीचे तुकडे. सुरुवातीला ती लांबूनच बघायची. मी हात गुडघ्याएवढा उचलायचा आणि तुकडा टाकायचा. मग कमरेएवढा. कमरेपाशी आम्ही फार दिवस अडकलो. हात खांद्याला गेला की ती पळायची आणि पुन्हा गुडघ्यापासून सुरुवात. एकदा फूटपट्टीला साय लावून ती जमिनीवर ठेवली. लांबूनच वास घेत टिकली कितीतरी वेळ फिरत राहिली. मग मान लांब करून एकदा चाटली, आणि मागे उडी. त्या दिवशी मी तिथंच बसून रडले. आनंदानं की कशानं, नाही सांगता येणार.

थंडी सरत आली तेव्हा माझा हात डोक्याच्या वर गेला आणि टिकली पळाली नाही. चालत आली आणि मांडीवर डोकं ठेवलं.

त्या संध्याकाळी मी आबांच्या उजव्या मुठीत भाकरीचा तुकडा कोंबला. म्हटलं, "एकदाच. माझ्यासाठी." नाइलाज म्हणून त्यांनी दोरी ओढली. हात थरथरत वर गेला, किती दिवस बसून राहिल्यामुळे आणखीच जड झालेला. टिकली ट्रॉलीकडे निघाली. थांबली. मागे वळून बघितलं.

मग ती आली. शेपूट खालीच होतं, पण आली. आबांची मूठ सुटली, तुकडा पडला, तो तिने खाल्ला आणि त्यांच्या पायावर हनुवटी टेकवली.

"आलं गं माझं येडं!" आबा हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. कुंपणापलीकडे आप्पा दिसले तर त्यांना तिथूनच ओरडून म्हणाले, "ओ आप्पा! तुमच्या जनावराला काय बी कळत न्हाई!"

आप्पा म्हणाले, "कळतंय की! म्हातारं अजून भाकरी देतंय, एवढं बरोबर कळतंय."

दुसऱ्या दिवसापासून आबा स्वतःहून दोरी ओढायला लागले. आज ते त्या हातानं चहाचा कप धरतात, सदऱ्याची बटणं लावतात. हात कानाच्या वर जात नाही. मधले जे दिवस वाया गेले ते गेले नसते तर गेला असता का? असता, असं मला वाटतं. आणि येईल त्याला ते सांगतात, "सूनबाईनं कुत्रीला शिकवलं आन् कुत्रीनं मला उठवलं." मी तिथंच असते. रिकामे कप उचलून आत जाते.

ती फूटपट्टी मी चुलीत घातली. हे लिहून झालं की आधी आबांनाच वाचून दाखवणार आहे. ते काय म्हणायचं ते म्हणोत.

आबांचा हात वर गेला की टिकली आता पळतच जाते. माझा हात वर गेला — वळणीवरचे कपडे काढायला, दाराची वरची कडी लावायला — की ती आधी थांबते. कान मागे जातात. माझ्याकडे बघते. मी हात हळू खाली आणते आणि जागची हलत नाही. ती येते. पूर्वीपेक्षा लवकर येते.

तोवर मी थांबते.