पाट फिरव

जिंकत आलेला डाव हसत दुसऱ्याच्या हवाली करणारं माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिलं, आणि ती माझी थोरली आत्या. श्रीगोंद्याजवळच्या मळ्यात तिची वस्ती होती. बाहत्तरच्या सुमाराला मी तिथल्या साखर कारखान्यात नोकरीला लागलो आणि तिच्याकडेच राहायला गेलो. तिच्या एकुलत्या एक मुलीचे, सुमीचे, पाय लहानपणीच्या तापात गेलेले. शाळा ओढ्यापलीकडे. सुमी कडेवर मावेनाशी झाली तेव्हा चौथी शिकलेल्या आत्याने शाळाच घरी आणली, आणि तीही वाघ-शेळीच्या खेळातून! पाटाच्या पाठीवर कोळशाने पट आखलेला; चिंचोके म्हणजे शेळ्या, सुपाऱ्या म्हणजे वाघ. वाघांनी उडी मारून शेळ्या खायच्या, शेळ्यांनी वाघांना कोंडायचं. पहिल्याच संध्याकाळी माझ्यासारख्या पदवीधराचे सगळे वाघ त्या बारा वर्षांच्या पोरीने तव्यावरची भाकरी उतरायच्या आत कोंडून टाकले.

पण जिंकणं ही आत्याच्या लेखी फार किरकोळ गोष्ट. डाव रंगात येऊन जिंकणाऱ्याच्या मिशा फुरफुरायला लागल्या, की चुलीपुढून आरोळी यायची, "पाट फिरव!" लगेच बाजूंची अदलाबदल. आपण हौसेने कोंडत आणलेले वाघ आता आपल्याच गळ्यात, आणि त्यांना सोडवायचंही आपणच. वर प्रत्येक चालीला "का?" याचं उत्तर द्यायचं ते वेगळंच. "आपला डाव कुनालाबी दिसतो रं बापू," आत्या म्हणायची, "समोरच्याचा दिसला तर त्ये डोकं." इतिहासाच्या धड्यात सुमीला सकाळी किल्ला राखावा लागे आणि दुपारी तोच जिंकावा लागे. मी थक्क होऊन बघत राहायचो.

ही खोड पटापुरती राहिली असती तर आत्या कसली! बाजारात वांग्यांचा भाव जमेना, तशी ती टोपलीमागे जाऊन बसली आणि बागवानिणीला म्हणाली, "आता तू गिऱ्हाईक." आत्याने वांग्यांची अशी काही तारीफ केली, की इरेला पेटून बागवानिणीने स्वतःच्याच वांग्यांत कीड दाखवून दिली. आतोबा तर कपाळाला हात लावत. "घरात भाकरी मागायची तरी आधी चाल इचारात घ्यावी लागती," असं ते माझ्याकडे गाऱ्हाणं करायचे.

पुढे एक दिवस आत्या म्हणाली, "हिचं डोकं माझ्या म्होरं गेलं. माझ्यापाशी शिकवायला आता काय न्हाई." आम्ही सुमीला घेऊन नगरला गेलो. तिथे मुलींची एक शाळा होती, वसतिगृहासकट. मोठ्या बाईंनी सुमीला गणितं घातली, वाचायला लावलं, आणि त्या खूश झाल्या. मग म्हणाल्या, "मुलगी हुशार आहे हो. पण शाळेचा दाखला नाही, आणि आठवीचा वर्ग माडीवर. रोज जिना कशी चढणार? मला नाही घेता येणार."

आत्याचं तोंड उतरलं. तिच्यापाशी चाल उरलेली नाही असं मी प्रथमच पाहत होतो. तेवढ्यात सुमी म्हणाली, "बाई, पाट फिरवायचा का? मी मोठ्या बाई, तुमी माझी आई." धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं मला झालं. पण बाई हसल्या आणि तयार झाल्या.

सुमी ताठ बसली. "पोरगी हुशार हाय, पर जिन्यावरून पडली तर? आज हिला घेतलं, उद्या दाखल्याबिगर धा जनी आल्या तर त्यांना काय सांगू?" ही अडचण बाईंनाही सुचली नव्हती. त्या आईच्या बाजूने भांडायला लागल्या आणि बघता बघता तापल्या. "दाखला नाही तर तिची परीक्षा घ्या! दहा जणी आल्या तर दहा जणींची घ्या! आणि जिन्याचं काय घेऊन बसलात? आठवीची बाकं खाली आणता येत नाहीत?"

बाईंनी चष्मा काढून पुसला आणि शिपायाला हाक मारून बाकं खाली आणायला सांगितली. मी आत्याकडे बघितलं. देवळात जसे आपसूक हात जुळतात, तसे माझे तिथे जुळले.

जूनमध्ये सुमीला वस्तीवरून बैलगाडीत बसवलं आणि इतका वेळ धीर धरलेली आत्या रडायला लागली. सुमी म्हणाली, "आये, पाट फिरव. तू शाळंला चाललीस, अन् मी हितं ऱ्हायले."

आत्या पदराने डोळे पुसून म्हणाली, "चौथीनंतर मला कुनी असं गाडीत बसवलं असतं ना, तर म्या मागं वळूनबी बघितलं नसतं. जा!"

सुमीने खरंच मागे वळून पाहिलं नाही. संध्याकाळी आत्याने माझ्यासमोर पाट मांडला. मी तिचे वाघ कोंडत आणले, जिंकायच्या बेतात आलो आणि नेहमीच्या आरोळीची वाट बघत थांबलो. आत्या काही बोलली नाही. तिच्याशी खेळताना मी जिंकलेला तो एकुलता एक डाव, आणि तो जिंकल्याचं मला आजही वाईट वाटतं.